पुढे बारीक, मागे रुंद

टिल्लेरोडे (हार्त्स), १२ फेब्रुवारी २००९

प्रिय सेव्हेरिन,

फोन का केला नाही म्हणून ओरडू नकोस. फोनवर तू बोलतोस आणि मी "काय? काय?" करत बसतो. त्यापेक्षा कागद बरा, तो कानाला लावावा लागत नाही.

काम टायरचं आहे. तुझ्याकडे दुसरं कसलं असणार! निळ्या गाडीची उन्हाळ्याची चाकं बदलायची म्हणतो. सतरा इंचांची ती जोडी आता म्हातारी झाली. अठरा इंची बसवू. मी ठरवलंय ते असं: पुढे दोनशे पंचेचाळीस रुंदीचे, मागे दोनशे पंचाहत्तर. मागचं चाक रुंद असलं की गाडी कशी झेप घ्यायच्या आधी मागच्या पायांवर दबून बसलेल्या जनावरासारखी दिसते, हे तूच मला शिकवलंस. मग आता काटकसर करायला सांगू नकोस.

यात नुसती हौस नाही. गेल्या उन्हाळ्यापासून गाडी उजवीकडे ओढते. इथल्या वर्कशॉपमध्ये दोनदा चाकांची रेषा तपासून घेतली. तिथला पोरगा म्हणतो, "रेसे साहेब, सगळं सुतासारखं सरळ आहे." सरळ आहे म्हणे! चाळीस वर्षं जंगलखात्यात काढली मी. शंभर पावलांवरून सांगायचो, हे झाड किती कललंय ते. माझ्या नजरेला शिकवणारा हा कोण? टायर जुने झालेत, दुसरं काही नाही.

ऑक्टोबरात हिवाळ्याची चाकं चढवून घ्यायला आलो नाही याचा तुला राग आहे, हे तुझ्या बायकोच्या, आग्नेसच्या, नाताळच्या कार्डावरून कळलं. वीस वर्षांचा नेम मोडला खरा. पण ऑगस्टात ते ऊन लागून दोन दिवस इस्पितळात काढले, तेव्हापासून लांबचा पल्ला नको वाटतो. ईस्टरलाही जमेलसं दिसत नाही. म्हणून जुनी चाकं माल वाहणाऱ्याकडून पाठवतो. त्यांवरून बोल्टांच्या भोकांचं माप घेऊन नवी तयार कर आणि पाठव. इथे चढवून घेईन.

फ्रीडे बरी आहे, म्हणजे आहे तशी. मी बुधवारी आणि रविवारी तिला भेटायला वृद्धांच्या होममध्ये जातो. डोंगर ओलांडून पलीकडचं खोरं, अडतीस किलोमीटर. रस्त्यावर पूर्वीसारखी शिस्त राहिलेली नाही. सायकलवाले उजवीकडून, रस्त्याच्या कडेनं, भुतासारखे उगवतात. खिंडीखालच्या वळणावरची शाळाही बंद पडली वाटतं, बसथांब्यावर हल्ली एक पोर दिसत नाही. गावं रिकामी होत चालली आहेत, सेव्हेरिन.

ईस्टरच्या सोमवारी तिला गाडीत घालून खिंडीपर्यंत न्यायचं मनात आहे. होमवाल्यांनी एक तासाची परवानगी दिलीय. तेवढ्यासाठीच चाकं हवीत. तिला मी ओळखू येत नाही, पण ते सहा सिलिंडरचं इंजिन ओळखू येतं. आवाज आला की खिडकीशी येते.

तुझा,
लुडोल्फ


हाल्शाइड (आयफेल), २० फेब्रुवारी २००९

प्रिय लुडो,

तुझं पत्र आलं तेव्हा आमच्याकडे कार्निव्हलचा धिंगाणा चालू होता. माझ्या दुकानातले दोन्ही कामगार बायकांचे झगे घालून गावभर नाचत होते. तुम्ही हार्त्सवाले असल्या वेळी घरात बसून लाकडं मोजता, म्हणून तुमच्या पत्रात इतकी शिस्त असते.

आता मापाचं. दोनशे पंचेचाळीस नि दोनशे पंचाहत्तर? अरे, गाडी आहे की रोड रोलर? मागचं ते धूड चाकावरच्या पत्र्याला घासेल आणि तपासनीस कागदांवर शिक्का मारणार नाही. शिक्का नसलेली चाकं म्हणजे उद्या काही झालं तर विमाही नाही. तू कायद्याचा माणूस, तुला हे मी सांगावं?

माझं ऐक. पुढे दोनशे पंचवीस, मागे दोनशे पंचावन्न. पुढच्याचा गाल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, जरा उंच, मागच्याचा बुटका, म्हणजे दोन्ही चाकं उंचीला जवळपास सारखी उतरतात आणि गाडीचे सगळे हिशेब जागेवर राहतात. मागे रुंद का, तर जोर मागच्या चाकांना जातो, तिथे पकड हवी. पुढे बारीक का, तर पुढच्या चाकांनी वळायचं असतं, मिरवायचं नसतं. एक लक्षात ठेव: एकदा अशी जोडी घातली की पुढची मागे जात नाहीत आणि मागची पुढे येत नाहीत. ज्याची त्याची जागा ठरलेली, झिजेपर्यंत.

आणि गाडी उजवीकडे का ओढते, ते मी इथे बसून सांगतो. तुमच्या त्या डोंगरी रस्त्यावर लाकडाचे ट्रक जातात. त्यांनी डांबरात चाकोऱ्या पाडल्या असणार. रुंद टायर त्या चाकोरीत शिरतो आणि तिच्या मागे मागे जातो, पट्टा बांधलेल्या कुत्र्यासारखा. पुढे बारीक घातलास की ओढणं थांबेल. पैज लाव.

हेच भांडण तुझं फ्रीडेशी चौऱ्याहत्तरच्या डोंगर-रॅलीत झालं होतं. मी तेव्हा मेहुण्याच्या गोठ्यात ट्यूबना ठिगळं लावणारा पोऱ्या, रॅलीत जॅक उचलायला आलो होतो. तुला पुढेही रुंद हवे होते. फ्रीडे मांडीवर नकाशा घेऊन तुझ्या उजवीकडच्या सीटवर बसली होती. ती म्हणाली, "पुढचे बारीक घातले नाहीत तर मी उतरते. एकटा चालव आणि उजवीकडचं कोण सांगतंय बघ." तू मुकाट्यानं बारीक घातलेस. शर्यतभर तिचा आवाज ऐकू येत होता म्हणे: "उजवीकडे मोकळं! उजवीकडे मोकळं!" नंतर तिनं मला डाळीचं सूप दिलं. रॅलीत मला नावानं हाक मारणारी ती एकटीच होती.

चाकं अजून पोचली नाहीत. पोचली की बघतो.

तुझा,
सेव्हेरिन


टिल्लेरोडे, २७ फेब्रुवारी २००९

प्रिय सेव्हेरिन,

ठीक. दोनशे पंचवीस आणि दोनशे पंचावन्न. चाकोरीचं पटलं. त्या वर्कशॉपच्या पोराला जाऊन सांगितलं, तर म्हणतो, "असेलही." त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं की त्याला चाकोरी म्हणजे काय तेच माहीत नाही.

जुनी चाकं सोमवारी निघाली. रिमांवर जरा खरचटलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. कुठे तरी कडेला लागली असतील. नाही तरी भंगारातच जायची आहेत.

गेल्या रविवारी होममध्ये जेवलो. तिथलं व्यवस्थापन बदललंय बहुतेक, फार हात आखडता. ताटात मांसाचा तुकडा आणि लाल कोबी, बटाटे नाहीतच. मी वाढणारीला म्हटलं, "बाई, बटाटे महागले का?" ती नुसती हसली. मग फ्रीडेनं हात घालून माझं ताट फिरवलं, तर बटाटे! कुठून आणले कोण जाणे. तिला अशा गमती अजून सुचतात. मला तेवढ्यानं बरं वाटतं.

दुसरी एक सवय तिला लागलीय. मी खोलीत जातो, तिची खुर्ची रिकामी असते. मी बसून वाट बघतो. आणि एकदम माझ्या बाहीवर तिचा हात येतो. मांजरासारखी येते, पावलांचा आवाज नाही. मी दचकतो, ती हसते. मागच्या वेळी म्हणाली, "तुम्ही कुणाची वाट बघताय?" म्हटलं, "माझ्या बायकोची." म्हणाली, "येईल हं. गाडी आली की ती येते."

ईस्टरच्या आधी चाकं मिळतील ना?

तुझा,
लुडोल्फ


हाल्शाइड, ८ मार्च २००९

प्रिय लुडो,

चाकं आली. हे पत्र तीनदा लिहून फाडलं. माझ्यासारख्या बडबड्याला एवढा वेळ लागला, यातच काय ते समज.

तू म्हणालास बघू नकोस. मी टायर बघितले नाहीत तर खाऊ काय? भविष्य सांगणारी बाई हात बघते, मी टायर बघतो. या गावात कुणाचा नवरा रविवारी कुठे जातो, हेही मला टायरवरून कळतं; तोंड बंद ठेवतो म्हणून धंदा टिकलाय.

तुझी डावीकडची दोन्ही चाकं लग्नाला निघाल्यासारखी स्वच्छ आहेत. उजवीकडची दोन युद्धावरून आलीत. एकदा कडेला लागलं तर एक ओरखडा असतो. इथे रिमची सगळी कड कुरतडलेली आहे, जुन्या जखमेवर नवी. मागच्या टायरच्या गालाला दोन फुगे आलेत, तो कधीही फुटला असता. मागचं जास्त खाल्लंय, कारण ते रुंद आहे, बाहेर आहे. आणि त्या गालात पांढरं प्लॅस्टिक घासून बसलंय. मी सुरीनं खरवडून उजेडात धरलं. ते रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या खांबांचं आहे, लुडो. तू खांब कापत चालला आहेस.

चाकोरीचं मी जे लिहिलं, ते विसर. मी टायरवाला, म्हणून मला टायरच दिसला. गाडी उजवीकडे ओढत नाही. तू उजवीकडे जातोस, कारण तिकडे काय आहे ते तुला दिसत नाही.

मग मी तुझी पत्रं पुन्हा वाचली. उजवीकडून उगवणारे सायकलवाले. ताट फिरवलं की सापडणारे बटाटे. रिकाम्या खुर्चीतून येणारा हात. ती खुर्ची तुझ्या उजवीकडे असते ना? ती आधीपासून तिथेच बसलेली असते, लुडो. ती मांजरासारखी येत नाही.

ऑगस्टात तुला ऊन लागलं नव्हतं. आग्नेसच्या भावाचं असंच झालं होतं. मेंदूतली एक बारीक नस गेली, डोळे दोन्ही ठणठणीत, पण जगाची एक बाजू गेली. आणि गेलीय हे त्याला कळतही नव्हतं. अंधार दिसत नाही तिथे, काहीच दिसत नाही. माणसाला वाटतं तिकडे काही नाहीच.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. तोवर किल्ली खुंटीला. मी हुकूम सोडतोय असं समजू नकोस, मी हात जोडून सांगतोय. ईस्टरला तू तिला तुझ्या उजवीकडे बसवणार आहेस.

तुझा,
सेव्हेरिन


टिल्लेरोडे, १३ मार्च २००९

श्रीमान मेर्टेस,

आपणास टायरचं माप विचारलं होतं. डोळ्यांचं विचारलं नव्हतं.

एकोणसाठ साली मला परवाना मिळाला. आजवर एका माणसाला माझ्या गाडीचा धक्का लागलेला नाही. खांबांचं म्हणाल तर तो रस्ता आपण पाहिलेला नाही. हिवाळ्यात बर्फ काढणारे ते खांब वाकवून ठेवतात, आणि समोरून लाकडाचा ट्रक आला की कडेला घ्यावीच लागते.

आपल्याला सल्ला द्यायला काय लागतं? आपली बायको स्वयंपाकघरात आहे, हाक मारली की ओ देते. इथून तिकडे बस जात नाही. रविवारी तर कुत्रंही जात नाही. टॅक्सीनं एकदा गेलो होतो, जानेवारीत, गाडी दुरुस्तीला होती तेव्हा. टॅक्सी दारात थांबली, मी उतरलो, खिडकीत कुणी आलं नाही. दीड तास तिच्यासमोर बसलो. ती भिंतीकडे बघत होती. निघताना मला म्हणाली, "तुम्ही चुकीच्या खोलीत आलात वाटतं."

गाडी गेली की मी गेलो, हे आपल्या लक्षात येत नाही. किंवा येत असूनही आपण लिहिता.

ठरल्याप्रमाणे चार चाकं, पुढची दोनशे पंचवीस, मागची दोनशे पंचावन्न, टायर चढवून पाठवावीत. जमत नसेल तर कळवावं, दुसरीकडे सोय करीन.

लुडोल्फ रेसे


हाल्शाइड, २२ मार्च २००९

प्रिय लुडो,

"श्रीमान मेर्टेस" वाचून आग्नेस म्हणाली, "अगंबाई, आता तुम्ही मोठे झालात!"

चाकं आज निघाली. चारही. दोनशे पंचवीस नि दोनशे पंचावन्न, मी स्वतः चढवली, स्वतः तोलून घेतली, शिक्क्याचे कागद बरोबर आहेत. एवढी देखणी जोडी या वर्षात दुकानातून गेली नाही. पाठवली नसती तर तू दुसऱ्याकडून घेतली असतीस, आणि त्यानं तुला ते दोनशे पंचाहत्तरचं धूड विकलं असतं.

पण या रिमांना जुने बोल्ट चालत नाहीत, लांबी वेगळी लागते. ते नवे बोल्ट मी पाठवलेले नाहीत. माझ्या खिशात आहेत. ईस्टरच्या शनिवारी मी ते घेऊन येतो. तू दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन. मी जाड माणूस आहे, शेजारीपाजारी बघतील.

दुसऱ्या कुठल्या दुकानात तसे बोल्ट मिळतील, हे मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. आणि हिवाळ्याची चाकं गाडीवर आहेतच, त्यांच्यावर तू आजही निघू शकतोस. मी तुला अडवू शकत नाही. मी फक्त उशीर करू शकतो.

टॅक्सीचं वाचलं.

तुझा,
सेव्हेरिन


टिल्लेरोडे, २८ मार्च २००९

सेव्हेरिन,

वा रे वा! बोल्ट खिशात ठेवलेस ते ठेवलेस, आता चाकंही दाबून ठेवलीस? तुझ्या त्या पोरकट डावपेचांना मी हसलो होतो. आता हसू येत नाही.

दोन चाकं आली आहेत. फक्त दोन, दोन्ही बारीक, पुढची. माल वाहणाऱ्यानं गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवली, मी तेव्हा दुकानात पावाला गेलो होतो. काल दिवसभर आणि आज सकाळी मी दारात उभा राहून बघितली. मागची रुंद दोन कुठे आहेत? "चारही पाठवली" असं स्वतःच्या हातानं लिहितोस आणि दोन पाठवतोस! मला वेडा ठरवायचा बेत आहे का? आधी आंधळा, मग वेडा?

तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. तुझ्या दुकानाची पाटी रंगवायला मी आणि फ्रीडे आलो होतो, आठव.

लुडोल्फ


हाल्शाइड, ३१ मार्च २००९

प्रिय लुडो,

त्या माणसाला फोन केला. चार चाकं, एका रांगेत, भिंतीला टेकवून. डावीकडे बारीक दोन, त्यांना लागून उजवीकडे रुंद दोन. तुमच्या शेजारच्या हार्म्सनं त्याला हातभार लावला, सही हार्म्सची आहे.

ही मी केलेली युक्ती नाही. असं सुचायला मी फार साधा आहे. त्यानं सहज ठेवली, तशी पडली.

आता गॅरेजमध्ये जा. दारातून बघू नकोस. बारीक चाकांसमोर उभा राहा आणि नुसती मान नाही, पाय हलव. अख्खं अंग उजवीकडे फिरव, हार्म्सच्या कुंपणाकडे तोंड होईपर्यंत. मग बघ.

आणि मग मला शिव्या घालायच्या असतील तर घाल.

सेव्हेरिन


टिल्लेरोडे, ५ एप्रिल २००९

प्रिय सेव्हेरिन,

चारही आहेत.

मी त्यांना हात लावून बघितलं. थंड होती. तिथे एका बादलीवर बसलो. परत पहिल्यासारखा सरळ वळलो, तर ती रुंद दोन पुन्हा नव्हती. गेली कशी म्हणावं, तर गेल्यासारखंही वाटत नाही. भिंत तेवढीच, पूर्ण. आपल्याकडून काही काढून घेतलंय असं कुठे जाणवतच नाही. जंगलात झाड पडलं तर मागे निदान मोकळं आभाळ दिसतं.

बुधवारी हार्म्सला म्हटलं, तू चालव. त्याच्या डबड्यातून गेलो. मी शेजारी बसलो आणि सगळा रस्ता कमरेतून उजवीकडे वळून बसलो, पाठ आखडली. हार्म्स म्हणाला, "काय रे, माझं तोंड बघवत नाही का?"

खिंडीखालच्या वळणावरची शाळा चालू आहे. बसथांबा पोरांनी भरलेला होता. पहिलीतली बारकी, पिवळ्या टोप्या घातलेली, कठड्यावर चढून एकमेकांना ढकलत होती. रस्त्याच्या अगदी कडेला. मी हार्म्सला गाडी थांबवायला सांगितली आणि उतरून शेवटचं पोर बसमध्ये चढेपर्यंत तिथे उभा राहिलो. सबंध हिवाळा मी तिथून सत्तरच्या वेगानं गेलो आहे, बुधवारी, शाळेच्या वेळेला. वाटायचं, गाव रिकामं झालं.

होमजवळ पोचलो. हार्म्सच्या गाडीला खिडकीत कुणी आलं नाही. फ्रीडे दिवसभर बोलली नाही.

डॉक्टरची वेळ घेतलीय. तो काय सांगणार ते तू आधीच सांगितलंस. किल्ली याच पाकिटात आहे. खुंटीला ठेवली असती तर मी काढली असती.

तुझा,
लुडो


हाल्शाइड, ७ एप्रिल २००९

प्रिय लुडो,

किल्ली पोचली. बोल्टांबरोबर एकाच खिशात ठेवलीय, चालताना खुळखुळतात.

शनिवारी दुपारी येतो. आग्नेसनं कोकराच्या साच्यात केक भाजलाय, वर साखर भुरभुरून. तो मांडीवर घेऊन आगगाडीत बसायचं म्हणजे मला लाज वाटणार. रविवारी चाकं चढवू, तू बोल्ट आवळ, मी जॅक उचलतो, चौऱ्याहत्तरसारखं. सोमवारी गाडी मी चालवीन. इंजिन तेच, आवाज तोच. ती खिडकीशी येईल, लुडो. आवाजावरून कोण चालवतंय ते कळत नाही.

पुढच्याचं पुढे बघू. आधी सोमवार.

तुझा,
सेव्हेरिन


टिल्लेरोडे, १६ एप्रिल २००९

प्रिय सेव्हेरिन,

तू नीट पोचलास हे आग्नेसच्या फोनवरून कळलं, म्हणजे तिनं हार्म्सला सांगितलं आणि त्यानं माझ्या कानात ओरडून सांगितलं. केकचं डोकं तेवढं उरलंय. कापवत नाही.

सोमवारचं तुला काय लिहायचं, तू होतासच. तरी लिहितो, कारण तुला वाटलं असेल मी रागावलो.

आवाज ऐकून ती खिडकीत आली. नुसती खिडकीत नाही, पायऱ्या उतरून खाली आली, परिचारिका मागे कोट घेऊन धावत. तू चालकाच्या दारातून उतरलास. तिनं तुझा हात धरला आणि म्हणाली, "किती वेळ लावलास, लुडो." तू माझ्याकडे बघितलंस. मी मान हलवली. ती चूक दुरुस्त करू नको, एवढंच मला म्हणायचं होतं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं ते मला माहीत नाही.

मग ती तिच्या जागेवर बसली, पुढे, उजवीकडे, आणि मी मागे. तुझं ते टक्कल मला सगळ्या रस्त्यात दिसत होतं. ती दिसत नव्हती. वळून बघता आलं असतं, पण मी नाही वळलो. तिचा आवाज येत होता, तेवढा पुरे होता. पहिल्याच वळणाला ती म्हणाली, "उजवीकडे मोकळं." शाळेच्या वळणावर म्हणाली, "उजवीकडे बसथांबा, सावकाश." सुट्टी होती, थांबा रिकामा होता, तरी तू सावकाश घेतलीस. तुझे उपकार.

चाकांबद्दलही लिहायला हवं. गाडी ओढत नाही. पुढे बारीक, मागे रुंद, रुळावरून चालल्यासारखी गेली. तुझं बरोबर होतं. अर्थात ती आधीही ओढत नव्हती.

डॉक्टरनं मंगळवारी तपासलं. उजवी बाजू परत येणार नाही. हार्म्सशी बोललोय. आता रविवारी तो निळी गाडी चालवेल, तू जमेल तेव्हा येशील तेव्हा तू. जो चालवेल तो लुडो. मला चालेल. तिला कुणी तरी भेटायला आलेलं असतं, ते मोठं.

एक गोष्ट मात्र तुला माहीत नाही. निघायच्या आधी तू तिच्यासाठी घोंगडी आणायला आत गेला होतास. ती आणि मी गाडीपाशी उभे होतो. मी तिच्या उजव्या बाजूला उभा राहिलो होतो, म्हणजे ती माझ्या डावीकडे येईल आणि मला दिसेल. हे मी आता शिकलोय. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्ही कोण? टायरवाले का?"

मी म्हटलं, "हो."

"नवी घातलीत. मागे किती?"

"दोनशे पंचावन्न."

"आणि पुढे?"

"दोनशे पंचवीस."

ती वाकली, पुढच्या टायरवर हात फिरवला आणि समाधानानं मान हलवली. "पुढे बारीकच हवेत. तो कुणाचं ऐकत नाही. तुमचं कसं ऐकलं?"

मग तिनं दाराकडे बघितलं, तू अजून आला नव्हतास, आणि माझ्या बाहीला धरून हळूच म्हणाली, "तुम्ही त्याच्याबरोबर जात जा हो अधूनमधून. त्याला उजवीकडचं दिसत नाही. आधीपासूनच नाही. मी सांगते म्हणून चाललंय. पण हल्ली मला इथे ठेवलंय."

मी म्हटलं, "जात जाईन."

तुझा,
लुडो